वाचनखुणांची एकवाक्यता

ग्रंथ वाचता वाचता मध्येच उठावे लागले, तर पानांत काहीतरी खूण घालून ठेवण्याची रीत फार जुनी आहे. कोणी मोरपीस घालीत, कोणी जाळी पडलेले पिंपळपान, तर कोणी जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा. या खुणेचा मोठा गुण हा की, ती ग्रंथाच्या पोटात राही आणि ग्रंथ जाईल तेथे त्याच्याबरोबर जाई. शिवाय ती कोणाची चुगली करीत नसे. पोथी दुसऱ्याच्या हाती गेली, तर आधीचा वाचक कोठवर आला होता एवढेच त्याला कळे. तो आणखी काय काय वाचतो, कोणत्या वेळी वाचतो, कोणते पान त्याने पुन्हा पुन्हा उलटले, हे त्या पिंपळपानाला ठाऊकच नसे.

आज आपल्या वाचनाचा मोठा भाग पडद्यावर चालतो, आणि तो ज्या साधनातून चालतो त्यास ब्राउझर म्हणतात. या साधनाजवळ आपल्या वाचनखुणा असतात, पाहिलेल्या पानांची रोजनिशी असते, निरनिराळ्या दारांचे संकेतशब्द असतात आणि अर्धवट उघडी ठेवलेली पानेही असतात. अडचण अशी की, आता एकाच माणसापाशी कचेरीतला संगणक, घरचा लॅपटॉप आणि खिशातला मोबाइल अशी तीन यंत्रे असतात, आणि सकाळी एका यंत्रावर घातलेली खूण संध्याकाळी दुसऱ्यावर सापडावी अशी त्याची स्वाभाविक अपेक्षा असते. या तिन्ही यंत्रांतील नोंदी परस्परांशी जुळत्या ठेवण्याच्या व्यवहारास ‘सिंक’ असे म्हणतात. मीमांसकांचा एक सुंदर शब्द उसना घेऊन मी त्यास ‘एकवाक्यता’ म्हणतो. तिचा इतिहास पुरता चाळीस वर्षांचाही नाही. पण त्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढताना दिसतो. माणसाने आपल्या स्मरणाची प्रत घराबाहेर ठेवावयाची ठरविली, तर तिची किल्ली कोणापाशी असावी? आजचे माझे विवेचन या प्रश्नाभोवती फिरणार आहे.

पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत लिहिला. महाजालाचा खरा लोकप्रसार मात्र १९९३ साली इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या ‘मोझेइक’ने केला. त्यात आवडत्या पानांची एक यादी ठेवता येई. तिला ‘हॉटलिस्ट’ असे नाव होते. पुढल्याच वर्षी आलेल्या ‘नेटस्केप’ने तिला ‘बुकमार्क’ म्हटले, मायक्रोसॉफ्टने आपल्या ब्राउझरात ‘फेव्हरिट्स’ म्हटले, आणि त्यांपैकी पहिले नाव जगाने उचलले. नेटस्केपची ही यादी म्हणजे संगणकाच्या तबकडीवर ठेवलेली एक साधी फाइल होती. त्या फाइलीच्या माथ्यावर ‘नेटस्केप बुकमार्क फाइल १’ अशा अर्थाची एक ओळ असे. नेटस्केपचा कारभार २००८ साली कायमचा आटोपला; तथापि आजही आपण कोणत्याही प्रमुख ब्राउझरातून आपल्या वाचनखुणा बाहेर काढून फाइलीत ठेवल्या, तर तिच्या माथ्यावर तीच ओळ उमटते. राज्य लयाला जावे आणि त्याचा शिक्का मात्र दफ्तरात चालू राहावा, तसाच हा प्रकार आहे.

आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्य ग्राहकांस मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमच्या द्वारे. त्या काळी घरोघर संगणक नव्हते. गल्लीच्या तोंडाशी सायबर कॅफे असे, तासाचे पैसे मोजून तेथे बसावयाचे आणि उठताना आपल्या खुणा पुसल्या की नाहीत हे दोनदा पाहावयाचे. पाश्चात्त्य देशांत एका माणसाची अनेक यंत्रे झाली म्हणून एकवाक्यतेचा प्रश्न उद्भवला. आपल्याकडे त्याआधी अनेक माणसांचे एक यंत्र होते, आणि त्यांच्या स्मरणांची फारकत कशी करावी हाच मुख्य प्रश्न होता. हा भेद आपण ध्यानात ठेवू या, कारण मागाहून आलेल्या साधनांनी ‘एक खाते म्हणजे एक माणूस’ असे गृहीत धरले, आणि आपल्या पुष्कळ घरांत ते गृहीत अद्याप खरे नाही.

आता एकाच मजकुराच्या अनेक प्रती आणि त्यांतील फरक हा विषय काही संगणकाने जन्मास घातलेला नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो याच कारणासाठी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. तीही देशभरातील हस्तलिखितांची एकवाक्यता साधण्याची खटपटच होती. परंतु हस्तलिखितांच्या संपादकास एक दिलासा असे. त्याच्या समोरच्या प्रती लिहून संपलेल्या असत. तो काश्मिरी प्रत पाहात असताना मलयाळी प्रत आपोआप बदलत नसे. संगणकांच्या बाबतीत सर्व प्रती एकाच वेळी लिहिल्या जात असतात, आणि लिहिणाऱ्यांना एकमेकांची गाठ क्वचितच पडते.

या कोड्याचा पाया शोधण्याचे श्रेय लेस्ली लॅम्पोर्ट यांच्याकडे जाते. १९७८ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील मध्यवर्ती विचार ऐकावयास सोपा वाटतो. दूरदूरच्या यंत्रांवर घडलेल्या घटनांत आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हे ठरविण्यास प्रत्येक यंत्राचे घड्याळ पुरेसे नाही, कारण घड्याळे मागेपुढे होतात. मात्र एक गोष्ट निश्चित आहे: निरोप निघण्यापूर्वी तो पोचू शकत नाही. तेव्हा निरोपांच्या धाग्याने घटना ओवाव्यात आणि त्यावरून क्रम लावावा. ज्या दोन घटनांना जोडणारा असा धागाच नाही, त्यांच्यात आधी-नंतर हा भेद करण्यास आधारच उरत नाही. आपण प्रवासात असता मोबाइलवर एका खुणेचे नाव बदलले आणि त्याच वेळी घरी तीच खूण दुसऱ्या खणात हलविली गेली, तर खरी गोष्ट कोणती? लॅम्पोर्ट यांचे उत्तर असे की, दोन्ही खऱ्या. निवाडा करावयाचा तर त्यासाठी नियम ठरवावा लागेल.

या नियमांच्या शोधात एका भारतीय शास्त्रज्ञाचा वाटा मोठा आहे. मद्रासच्या आय. आय. टी. मध्ये शिकलेले महादेव सत्यनारायणन् यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८७ च्या सुमारास ‘कोडा’ नावाची फाइलव्यवस्था उभारावयास घेतली. तिचे वैशिष्ट्य हे की, संगणकाची तार तुटली असताही माणसाचे काम अडू नये. तार जोडलेली असताना लागणाऱ्या वस्तूंचा साठा करावा, तुटल्यावर त्या साठ्यावर काम चालवावे, आणि पुन्हा जोडली गेली की झालेले फेरफार मूळ दफ्तरात मिळवून द्यावेत, अशी तिची त्रिविध रीत होती. जेम्स किस्लर यांच्यासह सत्यनारायणन् यांनी १९९१ साली तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९९५ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत ‘बायू’ या व्यवस्थेने, दोन फेरफार एकमेकांच्या आड आले तर काय करावे याचा नियम त्या त्या कामाच्या स्वरूपावरून ठरवावा, असे दाखवून दिले. बाजारात मात्र ही कल्पना प्रथम रुळली ती १९९६ साली आलेल्या ‘पाम पायलट’ या तळहाताएवढ्या यंत्राबरोबर. ते एका बैठकीत ठेवावयाचे, तिच्यावरील एकुलते एक बटण दाबावयाचे, की रोजनिशी आणि पत्ते टेबलावरच्या संगणकाशी जुळून येत. या व्यवहारात तिसरा कोणी नव्हता. दोन्ही यंत्रे आपलीच, आणि मधली तारही आपलीच.

ब्राउझरच्या बाबतीत पहिला गंभीर प्रयत्न नेटस्केपनेच १९९८ साली केला. त्याच्या ४.५ या आवृत्तीत फिरत्या माणसासाठी एक सोय होती: आपल्या वाचनखुणा आणि पसंती एका सर्व्हरवर ठेवाव्यात आणि जेथे बसू तेथे त्या मागवाव्यात. परंतु सर्व्हर ज्याचा त्याने उभारावयाचा होता, त्यामुळे मोठ्या संस्थांपलीकडे ती फारशी गेली नाही. २००३ साली जोशुआ शॅक्टर यांनी ‘डेलिशस’ नावाची सेवा काढून निराळीच वाट चोखाळली. वाचनखुणा यंत्रावर ठेवावयाच्याच नाहीत, चारचौघांच्या फळ्यावर टांगावयाच्या, म्हणजे जुळविण्याची कटकटच उरत नाही. पुष्कळांना ती मानवली. पण प्रत्येकाच्या प्रत्येक खुणा फळ्यावर टांगण्याजोग्या नसतात.

खरी धांदल सुरू झाली ती २००६ पासून. त्या वर्षीच्या जूनमध्ये गूगलने फायरफॉक्स या ब्राउझरसाठी एक जोडसाधन दिले. ते खुणा, रोजनिशी, संकेतशब्द आणि उघडी पानेसुद्धा दुसऱ्या यंत्रावर नेई. दोन वर्षांनी, २००८ साली, ते बंद करण्यात आले. लोटस कंपनीचे संस्थापक मिच केपोर यांनी ‘फॉक्समार्क्स’ काढले. तेच पुढे ‘एक्समार्क्स’ झाले. ऑपेरा या नॉर्वेजियन ब्राउझरने ९.५ या आवृत्तीबरोबर २००८ साली आपली ‘लिंक’ सेवा सर्वांना खुली केली. मोझिला संस्थेने २००७ च्या डिसेंबरात ‘वीव्ह’ नावाचा प्रयोग जाहीर केला. या वेळेपर्यंत खिशातल्या फोनवरही ब्राउझर येऊन बसला होता, आणि कालपर्यंतची चैन आज गरज झाली होती.

ही सोय आतून कशी चालते, हे थोडे पाहिल्यावाचून पुढचा भाग उलगडणार नाही. प्रत्येक खुणेला यंत्र एक ओळखक्रमांक देते. खूण बदलली की तिची नोंद मधल्या सर्व्हरकडे जाते, आणि तेथे त्या फेरफाराला अनुक्रम मिळतो. दुसरे यंत्र आले की ते सांगते, ‘अमुक क्रमांकापर्यंत मी वाचले आहे, त्यापुढचे द्या.’ एवढे झाले की दोघांची वही जुळली. कठीण प्रसंग दोन. पहिला प्रथमभेटीचा. दोन यंत्रांवर त्याच पानांच्या खुणा आधीपासून असतील, पण त्यांचे ओळखक्रमांक निरनिराळे असतील, तर नियम पुरेसा सावध नसल्यास प्रत्येक खूण दुप्पट होते. दुसरा प्रसंग खोडण्याचा. वस्तू नाहीशी झाली तर तिच्या नाहीसे होण्याची बातमी कोण देणार? म्हणून खोडलेल्या वस्तूच्या जागी ‘ही खोडली’ अशी नोंद ठेवावी लागते. संगणकशास्त्रज्ञ तिला थडग्यावरचा दगड म्हणतात. तो दगड नसला तर जुन्या यंत्रात उरलेली प्रत पुन्हा सर्वत्र पसरते आणि मेलेली खूण जिवंत होते. तो असला तर एका यंत्रावर चुकून खोडलेली खूण क्षणात सगळीकडून जाते. यावरून निघणारा निष्कर्ष व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. एकवाक्यता म्हणजे राखीव प्रत नव्हे. एकवाक्यता चूकही तितक्याच इमानाने सर्वत्र पोचविते.

आता किल्लीकडे वळू. मोझिलाच्या मंडळींनी आरंभीच असे ठरविले की, आपल्या सर्व्हरवर येणारा मजकूर आपल्यालाही वाचता येऊ नये. तो यंत्रावरच कुलूपबंद होऊन निघावा आणि दुसऱ्या यंत्रावरच उघडावा. २०११ च्या मार्चमध्ये फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीत ही सोय अंगभूत झाली. नवे यंत्र जोडावयाचे तर त्याच्या पडद्यावर बारा अक्षरे उमटत, ती जुन्या यंत्रावर टंकित करावयाची, की फेंग हाओ आणि पीटर रायन यांनी सुचविलेल्या एका गणिती संवादातून किल्ली सुरक्षितपणे हस्तांतरित होई. योजना निर्दोष होती, पण तिने मनुष्यस्वभावाचा हिशेब केला नव्हता. अनेकांपाशी यंत्र एकच होते. त्यांनी समजूत करून घेतली की, आपल्या खुणा आता मोझिलाकडे सुखरूप आहेत. मग ते यंत्र बिघडले वा हरवले, आणि किल्ली त्याच्यातच होती. सर्व्हरवर मजकूर जसाच्या तसा होता. मात्र तो वाचणे कोणालाही शक्य नव्हते.

हा अनुभव लक्षात घेऊन मोझिलाने २०१४ च्या एप्रिलमध्ये, एकोणतिसाव्या आवृत्तीत, पद्धत बदलली. आता ईमेल आणि संकेतशब्द एवढेच पुरे. कुलपाची किल्ली त्या संकेतशब्दातूनच, माणसाच्या यंत्रावर, गणिताने काढली जाऊ लागली आणि सर्व्हरला संकेतशब्दाचे मूळ रूप कळेनासे ठेवले गेले. संकेतशब्द विसरून नवा घेतला तर सर्व्हरवरील जुना मजकूर उघडत नाही. जो यंत्रावर शिल्लक असेल तोच पुन्हा वर चढतो. सोय वाढली, पण किल्लीचे बळ आता संकेतशब्दाच्या बळाएवढेच राहिले.

गूगलच्या क्रोमने २०१० च्या जानेवारीत, आपल्या चौथ्या आवृत्तीत, खुणांची एकवाक्यता आणली. बदल झाला की दुसऱ्या यंत्राला तत्काळ हाक देण्यासाठी त्यांनी आपल्या गप्पांच्या सेवेची निरोपवाहक यंत्रणाच कामाला जुंपली, त्यामुळे खूण इकडे घातली की थोड्याच वेळात तिकडे दिसे. येथे किल्लीची व्यवस्था निराळी होती. साधारणतः मजकूर गूगलच्या खात्याच्या भरवशावर राही. वापरणाऱ्याने स्वतंत्र परवलीचे वाक्य ठरविले, तरच तो गूगललाही वाचता येणार नाही असा बंदोबस्त होई. ते वाक्य विसरले, तर सर्व्हरवरील साठा पुसून नव्याने आरंभ करावयाचा. म्हणजे दोन्हीकडे निवड तीच: किल्ली आपल्यापाशी ठेवाल तर हरवण्याची जोखीम आपली, दुसऱ्यापाशी ठेवाल तर विश्वासाची जोखीम आपली. जोखमीवाचूनचा तिसरा मार्ग अद्याप कोणाला सापडलेला नाही.

या ठिकाणी एक्समार्क्सची कहाणी सांगण्याजोगी आहे. ही सेवा कोणत्याही एका ब्राउझरला बांधलेली नव्हती. सुमारे २० लाख माणसे ती वापरीत, आणि वापरीत ती फुकट. २०१० च्या सप्टेंबरात चालकांनी जाहीर केले की, खर्च निघत नाही, ब्राउझर तयार करणाऱ्या कंपन्या हीच सोय स्वतःच देऊ लागल्या आहेत, तेव्हा आम्ही दुकान बंद करीत आहो. ही वार्ता ऐकून हजारो लोक वर्गणी देण्यास पुढे सरसावले. त्याच डिसेंबरात लास्टपास या कंपनीने ती विकत घेतली आणि १ मे २०१८ पर्यंत चालविली. पुढे २०११ साली ॲपलचे आयक्लाउड आले, २०१२ साली विंडोजच्या आठव्या आवृत्तीतही ही सोय झाली, आणि एकवाक्यता ही स्वतंत्र वस्तू न राहता मोठ्या कंपनीच्या खात्याचे एक अंग बनली. फुकट मिळणाऱ्या फडताळाचे भाडे कोणीतरी, कोठेतरी, कोणत्यातरी रूपाने देत असतेच.

खात्याशी झालेल्या या सोयरिकीचे परिणाम पुढे दिसू लागले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ऑपेराने जाहीर केले की, आपल्या एकवाक्यतेच्या सर्व्हरमध्ये परक्याचा शिरकाव झाला असून सर्व वापरकर्त्यांचे संकेतशब्द रद्द करण्यात येत आहेत. त्या सुमारास महिन्याकाठी १७ लाख लोक ती सेवा वापरीत होते. २०१८ च्या सप्टेंबरात क्रोमच्या एकोणसत्तराव्या आवृत्तीत, गूगलच्या कोणत्याही सेवेत प्रवेश केला की ब्राउझरही त्याच खात्याने नोंदला जाऊ लागला. गूगलचे म्हणणे असे की, यामुळे एकवाक्यता आपोआप सुरू होत नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की, न विचारता दार उघडून ठेवले आणि उंबरा ओलांडला नाही एवढ्यावर समाधान मानावे काय? टीका इतकी झाली की, पुढच्याच आवृत्तीत ही नोंद बंद करण्याची कळ द्यावी लागली.

त्यानंतरच्या दोन प्रकरणांत वैयक्तिक आणि कचेरीच्या वह्या एकत्र झाल्याने काय होते ते दिसले. २०२२ साली सिस्को कंपनीने सांगितले की, एका कर्मचाऱ्याचे खासगी गूगल खाते परक्याच्या हाती गेले, आणि ब्राउझरच्या एकवाक्यतेमुळे कंपनीचे संकेतशब्दही त्या खात्यात जाऊन बसले होते. २०२३ साली ओक्टा या, प्रवेशपरवाने सांभाळणे हाच धंदा असलेल्या कंपनीच्या बाबतीतही असेच उघड झाले: कर्मचाऱ्याने कचेरीच्या लॅपटॉपवर ब्राउझरात आपले खासगी खाते उघडले होते आणि एका महत्त्वाच्या खात्याचा संकेतशब्द त्यात साठविला गेला होता. दोन्ही ठिकाणी एकवाक्यतेच्या यंत्रणेने आपले काम चोख केले होते. तिला जुळवावयास सांगितले ते तिने जुळविले. कोणाशी काय जुळू नये हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

मोठ्या कंपन्यांच्या या गोष्टी दूरच्या वाटतील, म्हणून घरचा एक प्रसंग सांगतो. मी माझा जुना लॅपटॉप माझ्या भाच्याला दिला. तो कॉलेजात शिकत होता. देताना ब्राउझरातील माझे खाते मी तसेच राहू दिले. इतिहासाच्या साधनांच्या माझ्या पुष्कळ खुणा त्यात होत्या, त्या त्याच्या उपयोगी पडतील असा माझा भाबडा हेतू. काही आठवड्यांनी माझ्या मोबाइलवर, मी दोन अक्षरे टंकित केली की, मी कधीही न शोधलेल्या गोष्टी खाली सुचविल्या जाऊ लागल्या. आधी मला वाटले यंत्र बिघडले. मग उमगले की ते शोध त्याचे होते. त्यांचा विषय येथे सांगण्याचा मला अधिकार नाही. एवढेच म्हणतो की, तो त्याच्या शिक्षणाविषयीच्या एका मोठ्या निर्णयाशी निगडित होता, आणि तो निर्णय त्याने घरात कोणालाही सांगितला नव्हता. माझी बहीण त्या दिवसांत मला रोज फोन करी आणि म्हणे, ‘दादा, हा हल्ली गप्प गप्प असतो रे, तुला काही बोलला का?’ तो मला काही बोलला नव्हता हे अक्षरशः खरे होते, आणि तरीही ‘नाही’ म्हणताना माझी जीभ अडखळे.

दोन दिवस मी विचार केला. आईला सांगावे, तर त्याच्या मनाचे दार मी चोरकिल्लीने उघडल्यासारखे होणार. मुकाट्याने खाते काढून टाकावे, तर मला कळले आहे हे मी लपविल्यासारखे होणार. अखेर रविवारी त्याच्याकडे गेलो आणि काय घडले ते आधी त्यालाच सांगितले. तो बराच वेळ पडद्याकडे पाहात राहिला. मग म्हणाला, ‘मामा, म्हणजे तुमचंही मला दिसत असणार.’ ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. त्याने माझे काय पाहिले हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. आम्ही दोघांनी मिळून माझे खाते त्या लॅपटॉपवरून काढले, त्याचे नवे मांडले, आणि माझ्या निवडक खुणा एका फाइलीत घालून त्याला दिल्या. नेटस्केपच्या शिक्क्याची तीच ती फाइल. आईशी तो पुढे आपण होऊन बोलला. परंतु तो बोलला नसता, तरी त्याचे न बोलणे माझ्या हाती पडावयास नको होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, आणि २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. नागरिकाला सत्तेपासून आणि कंपन्यांपासून जपण्यासाठी हे आवश्यकच आहे. पण मामापासून भाच्याला आणि भाच्यापासून मामाला कोणता कायदा जपणार? तेथे आपली आपणच शिस्त पाळावी लागते. ती फार अवघड नाही. काय काय जुळवावयाचे याची यादी प्रत्येक ब्राउझरात असते. ती एकदा स्वस्थपणे वाचावी, आणि खुणा जुळवाव्यात पण रोजनिशी जुळवू नये, असे वाटले तर तसे करावे. कचेरीचे खाते आणि घरचे खाते यांची चूल वेगळी असावी. घरात एकच यंत्र अनेकांचे असेल, तर प्रत्येकाची मांडणी निराळी करून द्यावी. यंत्र हातावेगळे करताना त्यातून आपले खाते आधी काढून घ्यावे. किल्लीचे वाक्य कागदावर लिहून तो कागद घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावा. आणि वर्षाकाठी एकदा आपल्या खुणा फाइलीत उतरवून बाजूला ठेवाव्यात, कारण एकवाक्यता ही राखीव प्रत नव्हे.

या इतिहासाकडे एकंदर पाहिले असता असे दिसते की, प्रती जुळविण्याचे गणित शास्त्रज्ञांनी बरेच आधी सोडविले. लॅम्पोर्ट, सत्यनारायणन् आणि त्यांच्यासारख्या इतरांनी उभारलेल्या पायावर आज कोट्यवधी यंत्रे बिनबोभाट चालली आहेत. जे सुटले नाही ते किल्लीचे, आणि ते गणिताने सुटण्याजोगे नाही. कारण कोणावर किती विश्वास ठेवावा आणि जवळच्या माणसाचे काय आपल्याला कळू नये, हे प्रश्न यंत्राला विचारता येत नाहीत. भाच्याचा तो लॅपटॉप अजून चालतो. त्याच्यावर आता तो काय वाचतो हे मला ठाऊक नाही. मध्यंतरी एक लेख आवडला म्हणून त्याने मला त्याचा पत्ता धाडला, आणि खाली लिहिले, ‘मामा, हे तुम्ही वाचा.’ त्याने आपण होऊन घातलेली ती वाचनखूण मी जपून ठेवली आहे.